बीसीआर-एबीएल उत्तम, तरीही पेशी घटत्या : तासगाव तालुक्यातील एका रुग्णाचे प्रकरण

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण इमॅटिनिबची गोळी नेमाने घेत आहे आणि त्याचा बीसीआर-एबीएलचा, म्हणजे या आजाराच्या दोषी जनुकाचे प्रमाण मोजणारा, अहवाल दर वेळी उत्तम येत आहे, एवढे समजले की त्याचा बोन मॅरोही (रक्तपेशी तयार करणारा हाडांतला गाभा) ठीकच असणार, असे रुग्ण, नातेवाईक आणि बऱ्याचदा डॉक्टरही धरून चालतात. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते खरेही असते. तासगाव तालुक्यातील ज्या द्राक्ष बागायतदाराचे प्रकरण इथे मांडत आहे, त्यांच्या बाबतीत ते खरे नव्हते, आणि हे लक्षात यायला बराच काळ गेला. उशीर का झाला, कोणत्या तपासणीने उलगडा झाला आणि त्यानंतर काय करता आले, हे तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते. कारण सांगली-मिरजेच्या परिसरात वर्षानुवर्षे इमॅटिनिब घेणारे रुग्ण आहेत आणि त्यांचा पाठपुरावा प्रामुख्याने या एकाच अहवालावर चालतो.

पहिली पाच वर्षे

२०१७ च्या जूनमध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, हे गृहस्थ डाव्या बरगडीखाली जडपणा आणि दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, या तक्रारी घेऊन आले. पानथरी बरगडीखाली सहा बोटे लागत होती. पांढऱ्या पेशी १ लाख ८४ हजार होत्या आणि रक्ताच्या काचेवर मॅरोतल्या सर्व टप्प्यांच्या पेशी एकत्र दिसत होत्या. मॅरोच्या गुणसूत्र तपासणीत मोजलेल्या २० पैकी २० पेशींमध्ये ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होती. दुसरा कोणताही दोष नव्हता. हा शेवटचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

२२ क्रमांकाचे हे आखूड गुणसूत्र, म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र, १९६० साली नॉवेल आणि हंगरफर्ड यांनी दाखवले, आणि ते दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून तयार होते हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवले. या अदलाबदलीतून जो बीसीआर-एबीएल जनुक जुळतो, त्याचे प्रथिन पेशीला अखंड वाढण्याचा आदेश देत राहते. इमॅटिनिब नेमके त्या प्रथिनाला अडवते, म्हणून या उपचाराला लक्ष्यवेधी म्हणतात. २००१ साली अमेरिकेत हे औषध मान्य झाले. ११०६ रुग्णांच्या आयरिस चाचणीत इमॅटिनिब सुरू केलेल्यांपैकी ८३.३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. त्याआधीच्या काळात या आजाराबद्दल असा आकडा कुणी उच्चारला नसता. भारतात कमी किमतीची जेनेरिक गोळी मिळत राहिली, त्यात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेकच्या, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबच्या, पेटंटबाबत दिलेल्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. या प्रकरणात पुढे जे घडले, ते वाचताना गोळीचे हे ऋण कुणी विसरू नये.

रुग्णाने पहिले काही आठवडे पांढऱ्या पेशी घटवणारे हायड्रॉक्सियुरिया आणि मग रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब घेतले. तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल ६.२ टक्के, सहा महिन्यांनी ०.८ टक्के, वर्षाने ०.०७ टक्के, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर अपेक्षेप्रमाणे उतार होता. तिसऱ्या वर्षापासून तो ०.०१ टक्क्याच्या खालीच राहिला. डोळ्यांखाली थोडी सूज आणि अधूनमधून पायात गोळे, एवढाच त्रास होता. बागेची दोन्ही छाटण्यांची कामे ते स्वतः उभे राहून करून घेत होते.

पेशी घटू लागल्या

२०२१ च्या अखेरीस प्लेटलेट १ लाख ९० हजारांवरून १ लाख ४० हजारांवर आल्या. हा आकडा प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेच्या किंचित खाली असल्याने कुणाचे लक्ष वेधले गेले नाही. २०२२ च्या जुलैमध्ये प्लेटलेट ९६ हजार, हिमोग्लोबिन १३.४ वरून १०.८, आणि न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १३०० झाले. तांबड्या पेशींचा सरासरी आकार दाखवणारा एमसीव्ही ९२ वरून १०४ वर गेला होता. त्याच आठवड्यात आलेला बीसीआर-एबीएलचा अहवाल मात्र ०.००६ टक्के होता.

हा विरोधाभास ज्या क्रमाने समजावून घेतला गेला, तो क्रम गैर नव्हता. पावसाळ्याचे दिवस असल्याने आधी डेंग्यूची तपासणी झाली. ती निगेटिव्ह आली. रुग्ण शाकाहारी आणि बी१२ ची पातळी १४२, त्यामुळे बी१२ ची इंजेक्शने सुरू झाली. इमॅटिनिबने पेशी घटतात हे सर्वश्रुत असल्याने गोळी तीन आठवडे थांबवण्यात आली. यातली प्रत्येक कृती समर्थनीय आहे. अडचण होती ती या कृतींचे निकाल वाचण्यात.

इमॅटिनिबमुळे पेशी घटणे हे मुख्यतः उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत दिसते, कारण तोपर्यंत मॅरोत निरोगी पेशींची संख्याच कमी असते. रोगपेशी दबल्या आणि निरोगी पेशी अजून उभ्या राहिल्या नाहीत, अशी ती मधली अवस्था असते. पाच वर्षे सुरळीत गेल्यावर, मात्रा तीच असताना, नवे कोणतेही औषध सुरू नसताना अचानक गोळीने पेशी घटवाव्यात, याला काही कारण सापडायला हवे. शिवाय गोळीच दोषी असती तर ती थांबवल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत प्लेटलेट वर यायला हव्या होत्या. त्या ८१ हजारांवरून ७६ हजारांवर गेल्या. बी१२ चेही तसेच. कमतरता हेच मूळ असते तर आठवडाभरात कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, झपाट्याने वाढल्या असत्या आणि दीड-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन सावरले असते. इथे रेटिक्युलोसाइट जागचे हलले नाहीत. इमॅटिनिबनेही एमसीव्ही थोडा वाढतो, त्यामुळे त्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही हे मान्य. पण तिन्ही प्रकारच्या पेशी घटत असताना तो वाढणे दुर्लक्षिण्यासारखे नव्हते.

तरीही गाडी अडली होती ती त्या ०.००६ टक्क्यावर. आजार काबूत आहे असे अहवाल म्हणतो, मग मॅरोत सुई कशाला घालायची, असा प्रश्न घरच्यांनी विचारला आणि तो स्वाभाविक होता. मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "साहेब, आबांनी पाच वर्षांत एक दिवस गोळी चुकवली नाही."

बीसीआर-एबीएलची पीसीआर चाचणी काय मोजते, हे इथे नीट समजून घेतले पाहिजे. रक्ताच्या नमुन्यात बीसीआर-एबीएलचे संदेश किती आणि तुलनेसाठी घेतलेल्या एबीएल जनुकाचे किती, यांचे ते प्रमाण असते, आणि ते आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर बसवून टक्केवारीत देतात. म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या पेशींचा वाटा किती उरला, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर आहे. उरलेल्या ९९.९९ टक्के पेशी निरोगी आहेत की त्यांच्यात एकाच दोषी पेशीपासून वाढलेला दुसराच एखादा वंश वाढतो आहे, याबद्दल ही चाचणी काहीही सांगत नाही, कारण तिला ते विचारलेलेच नसते. रुग्णाला हे सांगताना मी बागेचा दाखला दिला: पानावर केवडा नाही म्हणून मुळाला सूत्रकृमीच्या गाठी नाहीत असे म्हणता येत नाही. ते लगेच म्हणाले, "मग मुळाची माती उकरूनच बघायला पाहिजे," आणि मॅरोच्या तपासणीला तयार झाले.

मॅरोचा अहवाल

गुणसूत्र तपासणीसाठी पेशी जिवंत असाव्या लागतात, कारण त्या प्रयोगशाळेत वाढवून, विभाजनाच्या नेमक्या टप्प्यावर थांबवून मग गुणसूत्रे मोजायची असतात. पीसीआरचा नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत चालतो. गुणसूत्रांसाठी हेपरिनची हिरव्या झाकणाची नळी लागते, आणि ती गोठू न देता शक्यतो चोवीस तासांत पोहोचावी लागते. आमच्या भागातून हे नमुने पुण्या-मुंबईला जातात. शनिवारी काढलेला नमुना रविवारभर कुठेतरी पडून राहिला तर अहवालात "पेशी वाढल्या नाहीत" एवढेच येते आणि रुग्णाला पुन्हा टोचून घ्यावे लागते. म्हणून मॅरो सोमवारी सकाळी काढला आणि नळी त्याच रात्रीच्या गाडीने रवाना झाली. दूरच्या गावांतील रुग्णांच्या बाबतीत एवढ्याशा नियोजनावर निदान अवलंबून असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

काचेवर जे दिसले ते मी स्वतः बराच वेळ पाहिले. मॅरो रिकामा नव्हता, उलट वयाच्या मानाने भरलेला होता; म्हणजे पेशी तयार होत होत्या, पण धड तयार होत नव्हत्या. प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी एरवी काचेवर सहज नजरेत भरतात. इथे त्या लिम्फोसाइट या लहान पांढऱ्या पेशीपेक्षा फारशा मोठ्या नव्हत्या, एकाच गोल केंद्रकाच्या, खुरटलेल्या. तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत केंद्रके दुभंगलेली होती. न्यूट्रोफिलमध्ये केंद्रकाचे दोनच गोल भाग, चष्म्यासारखे, आणि कणांचा अभाव. अपरिपक्व ब्लास्ट पेशी ७ टक्के होत्या.

इथे चूक होण्याचा मोठा धोका असतो. सीएमएलचा रुग्ण, घटलेल्या प्लेटलेट आणि वाढलेल्या ब्लास्ट पेशी, असे चित्र पाहिल्यावर सीएमएलच पुढच्या टप्प्यात गेला असे वाटणे सोपे आहे, आणि मग इमॅटिनिब बदलून डॅसॅटिनिब किंवा दुसरे जालीम औषध सुरू होते. या रुग्णात ते पूर्णतः वाया गेले असते. फिश तपासणीत (यात पेशीतला ठरावीक जनुक चमकत्या रंगाने दाखवतात) मॅरोच्या पेशींमध्ये बीसीआर-एबीएल सापडले नाही. म्हणजे त्या ७ टक्के ब्लास्ट पेशी सीएमएलच्या नव्हत्या. नऊ दिवसांनी गुणसूत्रांचा अहवाल आला: २० पैकी १३ पेशींमध्ये ७ क्रमांकाचे एक गुणसूत्र नाहीसे झालेले, ७ पेशी सामान्य, आणि फिलाडेल्फिया गुणसूत्र एकाही पेशीत नाही.

निदान झाले ते असे: सीएमएल खोल नियंत्रणात असताना, फिलाडेल्फिया नसलेल्या पेशींतून उद्भवलेला मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे मॅरोत रक्तपेशी धड न घडण्याचा आजार, वाढलेल्या ब्लास्ट पेशींसह आणि मोनोसोमी ७ सह, म्हणजे ७ क्रमांकाचे एकच गुणसूत्र उरलेले. या आजाराची जोखीम मोजणाऱ्या आयपीएसएस-आर या गुणपद्धतीनुसार मोनोसोमी ७ साठी ३, ब्लास्टसाठी २, तोवर ९.२ झालेल्या हिमोग्लोबिनसाठी १ आणि प्लेटलेटसाठी अर्धा, असे साडेसहा गुण होतात. सहाच्या वर सर्वाधिक जोखमीचा गट सुरू होतो. ही पद्धत मुळात अशा दुहेरी रुग्णांवर बेतलेली नाही, हे खरे आहे, पण दिशा कळण्यासाठी ती पुरेशी होती.

हे गोळीमुळे झाले का?

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच होता आणि तो टाळण्यासारखा नाही. इमॅटिनिबसारख्या औषधांवर असलेल्या सीएमएल रुग्णांपैकी साधारण शंभरात पाच ते दहा जणांच्या फिलाडेल्फिया नसलेल्या पेशींत केव्हा ना केव्हा गुणसूत्रांचा दुसरा दोष दिसतो. त्यात ८ क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त असणे आणि पुरुषांत वाय गुणसूत्र गळणे हे प्रकार सर्वांत अधिक आढळतात. पुष्कळदा असे दोष एका तपासणीत दिसतात आणि पुढच्या तपासणीत नाहीसे होतात, आणि रुग्णाला त्यांचा काहीही उपद्रव होत नाही. त्यातून मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम किंवा तीव्र ल्युकेमिया होणारे रुग्ण अगदी थोडे. त्या थोड्यांमध्ये मोनोसोमी ७ वारंवार भेटते, म्हणून तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायचे. पण मोनोसोमी ७ दिसली आणि पेशी व्यवस्थित राहिल्या, असेही रुग्ण नोंदलेले आहेत.

कारणांबद्दल तीन विचार मांडले जातात. पहिला असा की दोषी वंश आधीपासूनच मॅरोत असतो. फिलाडेल्फिया पेशींचा लोंढा ओसरल्यावरच तो दिसू लागतो. निदानाच्या वेळी २० पैकी २० पेशी फिलाडेल्फियाच्या असतील, तर त्यांच्यामागे दडलेला छोटा वंश त्या तपासणीत दिसणे शक्यच नसते, म्हणून २०१७ च्या स्वच्छ अहवालाने हा विचार खोडला जात नाही. सीएमएलच्या काही रुग्णांत फिलाडेल्फिया नसलेल्या पेशींतही टेट२, डीएनएमटी३ए, एएसएक्सएल१ यांसारख्या जनुकांतले बदल सापडले आहेत, आणि ते याच विचाराला बळ देतात. दुसरा विचार असा की उपचारानंतर रक्त तयार करणाऱ्या मोजक्याच मूळ पेशींवर सारा मॅरो पुन्हा उभा करण्याचा भार पडतो आणि त्या धावपळीत एखादी दोषी पेशी पुढे निघून जाते. तिसरा, औषधाचा थेट परिणाम, हा सिद्ध झालेला नाही. इमॅटिनिबच्या आधी इंटरफेरॉन हे औषध वापरले जाई, त्या काळातही असे रुग्ण क्वचित नोंदले गेले होते आणि डॅसॅटिनिब, निलोटिनिब या औषधांवरही ते दिसतात, त्यामुळे दोष एकट्या इमॅटिनिबच्या माथी मारता येत नाही. मला पहिला विचार या रुग्णाला अधिक लागू वाटतो, पण त्याचा पुरावा माझ्यापाशी नाही.

पत्नीचा प्रश्न वेगळा होता. तीस वर्षे ब्लोअरमागे उभे राहून औषध मारले, त्याचे हे फळ का? बेंझिनचा मॅरोच्या आजारांशी संबंध पक्का आहे; कीटकनाशकांच्या बाबतीत काही अभ्यासांत तो दिसला आहे. मात्र एका माणसाच्या मोनोसोमीवर फवारणीचा शिक्का मारता येत नाही, आणि तसे सांगून त्या बाईंच्या मनावर उगाच ओझे ठेवणे मला योग्य वाटले नाही. मुलाने मात्र फवारताना मास्क आणि हातमोजे वापरलेच पाहिजेत, हे निक्षून सांगितले. त्यासाठी या आजाराचे निमित्त लागत नाही.

पुढचे उपचार

या टप्प्यावर आजार मुळापासून जाण्याची शक्यता देणारा उपाय एकच होता, दुसऱ्याच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण. वय ५६, हृदय आणि मूत्रपिंडे चांगली. भावंडांपैकी प्रत्येकाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. तीन भावंडांपैकी पलूस तालुक्यात दिलेली धाकटी बहीण पूर्ण जुळली. ती स्वतःहून म्हणाली, "दादाला लागेल ते घ्या, मला विचारत बसू नका." तरीही तिची स्वतंत्र वैद्यकीय तपासणी आणि भावाच्या डॉक्टरांपेक्षा वेगळ्या डॉक्टरांकडून समुपदेशन झाले, कारण दात्याची संमती घरच्यांसमोर घाईने घेऊ नये.

इमॅटिनिबचे काय करायचे यावर बराच विचार झाला. गोळी चालू ठेवावी तर आधीच दुबळ्या मॅरोवर भार. थांबवावी तर सीएमएल डोके वर काढण्याची भीती. दीर्घकाळ खोल नियंत्रणात असलेल्या रुग्णांनी गोळी थांबवली तर जवळपास निम्म्यांत आजार परत येत नाही, आणि ज्यांच्यात येतो त्यांच्यात तो प्रामुख्याने पहिल्या सहा महिन्यांत येतो, हे माहीत असल्याने गोळी थांबवून दर महिन्याला पीसीआर करण्याचे ठरले. प्रत्यारोपण होईपर्यंत तो आकडा ०.०१ टक्क्याखालीच राहिला.

दरम्यान मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम आवरण्यासाठी ॲझासायटिडिनची इंजेक्शने सुरू झाली. शरीराच्या क्षेत्रफळानुसार दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, सलग सात दिवस, दर २८ दिवसांनी. तीन फेऱ्यांनंतर ब्लास्ट ३ टक्क्यांवर आल्या. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पेशी आणखी घटल्या आणि तीन वेळा प्लेटलेट चढवाव्या लागल्या. ॲझासायटिडिनमध्ये हे अपेक्षित असते आणि त्या घाबरगुंडीत उपचार सोडू नये. खर्चाचा डोंगर कुटुंबाने मुख्यमंत्री सहाय्यता निधी, धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटेची सवलत आणि शीतगृहात ठेवलेला बेदाणा अशा तिन्हींतून उचलला. बेदाणा भाव पडलेला असताना विकावा लागला.

२०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात, वयाचा विचार करून सौम्य तयारी-उपचारांनंतर, प्रत्यारोपण झाले. अठराव्या दिवशी न्यूट्रोफिल उभे राहिले. दुसऱ्या महिन्यात अंगावर पुरळ उठली, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या त्वचेला परके मानल्याची ती खूण होती, आणि स्टेरॉइडने ती आवरली. प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन चालू असेपर्यंत बागेत आणि बेदाण्याच्या शेडमध्ये जायचे नाही, ही अट रुग्णाला सर्वांत जड गेली. माती उकरताना आणि पालापाचोळा हलवताना उडणारे बुरशीचे कण प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या फुप्फुसात जीवघेणा संसर्ग करू शकतात, आणि शेडमधल्या गंधकाच्या धुरीने श्वासनलिकेला इजा होते, ते निराळेच. त्या वर्षीची ऑक्टोबर छाटणी मुलाने बांधावरून फोनवर विचारत विचारत पार पाडली.

दाता बहीण असल्याने नंतरची एक तपासणी सोपी झाली: रुग्णाच्या स्वतःच्या पेशींत लिंग-गुणसूत्रे एक्सवाय, दात्याच्या पेशींत एक्सएक्स. शंभराव्या दिवशी आणि पुन्हा वर्षाने फिश तपासणीत मोजलेल्या साऱ्या पेशी एक्सएक्स होत्या. बीसीआर-एबीएल आढळत नाही आणि मोनोसोमी ७ नाही. इमॅटिनिब पुन्हा सुरू केलेले नाही. मोनोसोमी ७ असलेल्या रुग्णांत प्रत्यारोपणानंतर आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत अधिक असतो, म्हणून त्या काळात दर तीन महिन्यांनी पीसीआर आणि दात्याच्या पेशींचे प्रमाण, तर दर सहा महिन्यांनी मॅरो आणि गुणसूत्रे, असे वेळापत्रक ठेवले आहे. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर बीसीआर-एबीएलच्या रकान्याशेजारी आता हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल, प्लेटलेट आणि एमसीव्ही यांचे चार रकाने आखले आहेत, आणि मिरजेच्या बाह्यरुग्ण विभागात नियमित येणाऱ्या इतर सीएमएल रुग्णांच्या फाइलींतही तेच रकाने भरायला आम्ही सुरुवात केली आहे.